आवाज माझाच आहे

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. मिल्टन कीन्समध्ये मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. खबर फोनवर आली. ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेल्यांना एक धर्मादाय संस्था आरोग्य खातं उघडून देत असे आणि त्यातून ऑपरेशनचा खर्च भागत असे. एका मराठी म्हाताऱ्याने ते खातं लबाडीने मिळवलंय, तो फौजी आहे पण भारतातला, असं फोन करणाऱ्याचं म्हणणं. त्याने नाव सांगितलं नाही. पण म्हातारा मराठी मंडळाच्या झेंडावंदनाला पदकं लावून येतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे खबऱ्या मंडळातलाच हे उघडच होतं. असे खबरी आपल्या लोकांत कधी कमी पडत नाहीत.

खबर मात्र खरी निघाली. म्हातारा निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचा, मुलाकडे राहायला आलेला. गुडघ्यात जुना छर्रा होता आणि ऑपरेशन ठरलं होतं. आयटीतला मुलगा त्यांना स्टेशनवर घेऊन आला आणि बाहेर लॅपटॉप उघडून बसला.

मला मराठी येतं, तरी नियमाप्रमाणे दुभाषी बाई बोलावल्या, रेकॉर्डर लावला, हक्क वाचून दाखवले. सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. जीपीकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सने फौजेत होतात का विचारलं आणि ते हो म्हणाले, पुढचं सगळं मुलाने पाहिलं. फौज ती फौज, हा त्यांचा सरळ हिशेब. एवढंच असतं तर फाइल दुपारपर्यंत बंद झाली असती.

पण ती संस्था पात्रता तपासतानाचे फोन रेकॉर्ड करत असे. ते रेकॉर्डिंग मी लावलं. सफाईदार इंग्रजीत कोणीतरी सुभेदारांचं नाव स्वतःचं म्हणून सांगत होता, आणि पलटण विचारल्यावर न अडखळता एका ब्रिटिश पलटणीचं नाव घेत होता. सुभेदारांचं इंग्रजी 'येस सर'च्या पुढे जात नव्हतं. पहिल्या वाक्यालाच त्यांचा चेहरा उतरला.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले.

खोट्या कबुलीने कोणाचं भलं होत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. ते त्याच वाक्यावर अडून राहिले. गुन्हा लागला तर मुलाचा व्हिसा जाईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. मग मुलाला वेगळं बसवून तेच ऐकवलं, वडील काय म्हणाले तेही सांगितलं. वाटलं, आता तरी शरमेल.

"पप्पा स्वतः म्हणतायत ना, त्यांचा आवाज आहे? देन व्हॉट्स द इश्यू?"

इतका राग मला सराईत चोराचाही कधी आला नाही.

बापाची कबुली मी मानली नाही आणि मुलाविरुद्ध बोलायला कोणी तयार नव्हतं. पैसे अजून खर्च झाले नव्हते, म्हणून वरिष्ठांनी प्रकरण मिटवलं. खातं रद्द झालं, ऑपरेशनही. मंडळात मात्र सुभेदार तोतया फौजी ठरले. पुढच्या झेंडावंदनाला ते आले नाहीत, आणि कोणी चौकशीही केली नाही.

चौकशीच्या दिवशी मुलगा गाडी आणायला गेला, तेव्हा ते स्टेशनच्या दारात थांबले.

"साहेब, माझी पलटण सांगायची त्याला लाज वाटली का हो?"

त्या पलटणीवर इथे खातं मिळत नाही, हा नियम मी समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग नको होतं खातं," ते म्हणाले आणि लंगडत गाडीकडे गेले.

स्वतःसाठी खोटं बोलणारा आज ना उद्या तुटतो, हे मी नोकरीभर पाहिलं. पोरासाठी बोलणारा बाप तुटत नाही. आणि पोरांना हे आमच्याआधी ठाऊक असतं.