खिरीतला कस

बदनापूरच्या दवाखान्यातले कंपाउंडर गिरिधरराव हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून आले होते. १९३८ सालच्या टंचाईत गावचे मोठे जमीनदार काकासाहेब यांनी गावात बाळंतिणींसाठी अन्नछत्र उघडले, तेव्हा त्यांनी गिरिधररावांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. समुद्री शेवाळात प्रथिने, लोह व आयोडीन असते. ते मातांना हितकर आहे, एवढेच तीत होते. मजकूर खोटा नव्हता. चिठ्ठी छत्राच्या दाराशी डकवली गेली आणि आत शेवाळापासून होणाऱ्या चायना ग्रासची खीर शिजू लागली.

खिरीची पारख आपल्याकडे दाटपणावरून होते. पळी उभी राहिली की कस उतरला, असे बायका मानतात. ही खीर तर सुरीने कापता येई.

पंधरवड्याने नंदाबाई दवाखान्यात आली. पदराआड महिन्याची लेक होती. तिच्यात रडण्याचेही त्राण नव्हते.

"दोन-दोन वाट्या खाऊन राह्यले, साहेब. पोट तट्ट फुगतं, पर पोरीला थेंब न्हाई."

"खिरीत दूध किती घालतात?"

"कशाचं दूध? पानी अन् नखभर गूळ. तुमीच लिहून देल्तं म्हने, दर्याची ताकद हाय!"

गिरिधररावांनी लेकीसाठी शेळीचे दूध मागवले आणि छत्रातली एक वाटी आणवून मंद आचेवर आटवली. तळाशी कांद्याच्या पापुद्र्याएवढे काही उरले. तेव्हा त्यांना आपली चूक उमगली. चायना ग्रास म्हणजे शेवाळ नव्हे, शेवाळ उकळून गाळलेला चीक. प्रथिने आणि क्षार बहुतांशी मागेच राहतात. हाती येतो तो पाणी धरून ठेवणारा पदार्थ, जो माणसाच्या आतड्याला पचत नाही. भुकेल्या बायकांना पाणी थिजवून वाढले जात होते, आणि त्याखाली गिरिधररावांची सही होती.

ते तडक छत्रावर गेले. पंगत बसली होती; नंदाबाईही तीत येऊन बसली होती.

"काकासाहेब, हे अन्न नव्हे."

"चिठ्ठी तर तुमचीच हाय, गिरिधरराव. बाया खूश, पोटं भरलेली. तुमालाच का खुपून राह्यलं?"

"भरणे वेगळे, पोसणे वेगळे."

"मंग काय, बासुंदी वाढू?"

"तुमच्या धान्याच्या बळदात तूर आहे. वरण वाढा."

"ती बियाण्याची."

"सगळी?"

काकासाहेब हसले. "जा, बाटल्या हलवा जाऊन."

चिठ्ठी फाडली असती तर चूक झाकली गेली असती. गिरिधररावांनी ती पंगतीसमोर मोठ्याने वाचली. "हे मी लिहिले. या खिरीला ते बिलकुल लागू नाही. तुमच्या लेकरांवर मी अन्याय केला."

नंदाबाईने वाटी पालथी घातली. शेजारच्या द्वारकाबाईनेही घातली. "आमाला दर्या नको, डाळ द्या," ती म्हणाली, आणि कोणी उठेना. यजमानाच्या दारात उपाशी पंगत बसून राहावी, याहून मोठी बेअब्रू नाही. रस्त्यावर माणसे जमू लागली, तसा काकासाहेबांनी बळद उघडायला गडी धाडला.

तूर शिजेपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. गिरिधररावही उभेच होते. त्यांचा संताप उतरला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.