उलटा हात मारणार नाही

दाढी केली की माझी मान अशी सोलून निघायची, की शर्टाची कॉलर लागली तरी मिरची चोळल्यासारखं व्हायचं. आमच्या घरात दाढी म्हणजे आधी केसांच्या दिशेनं सुलटा हात, मग केसांच्या विरुद्ध उलटा. गालावरून खालून वर बोट फिरवताना खरखर लागली, तर आप्पा, म्हणजे माझे वडील, ती दाढी मानायचेच नाहीत.

कंपनीत लागलो आणि शिरूरच्या बाजारातून स्वतःचं सामान आणलं. दुकानदार नव्या फॅशनचं दोन पात्यांचं रेझर पुढे करत म्हणाला, "एकदम तुळतुळीत होते." मला एकच पातं पुरेसं सोलत होतं. मी जुन्या पद्धतीचं ब्लेडचं मशीन, मऊ ब्रश आणि बिनवासाचा गोल साबण घेतला. झोंबणारं लोशन परत ठेवलं.

सकाळी गरम पाण्यानं तोंड भिजवलं, दाट फेस केला आणि मशीन न दाबता फक्त सुलटं फिरवलं. आप्पांनी बोट फिरवलंच. "खरखर लागतीय. उलटा हात मार."

"न्हाई मारणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. रगात येतं तवा लोक येत्यात का पुसायला?"

पुढे लग्नाच्या सकाळी न्हाव्यानं उलटा वस्तरा धरला, तेव्हा चारचौघांत मी त्याचं मनगट धरलं. लग्नाच्या फोटोत माझे गाल किंचित काळपट दिसतात. पाहुणे अजून विचारतात, "नवरदेवाची दाढी राहिली वाटतं?"

राहिली नाही. मी ठेवली.