ओट्याखालचा माणूस

"वरून काय पाहून राहिले, बाबू? खालून पाहा."

असं म्हणून मिस्त्री उताणा होऊन ओट्याखाली सरकायचा आणि मग बराच वेळ बाहेर फक्त त्याचे भेगाळलेले तळपाय दिसायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका क्लबात मी कारकून होतो. क्लबच्या बागेत, उघड्यावर, सागवानी फळ्यांचा मोठा ओटा होता. संध्याकाळी साहेब लोक त्यावर खुर्च्या टाकून बसत. त्या ओट्याची निगा राखणारा हा सुतार. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तो हक्क मी गमावला आहे.

पावसाळा संपला की फळ्या धुवायच्या, आठ दिवस उन्हात वाळू द्यायच्या, पॉलिश पेपरनं घासायच्या आणि जवसाचं तेल फडक्यानं जिरवायचं, हे त्याचं दरवर्षीचं काम. कुणी व्हार्निशचं नाव काढलं की चिडायचा. "पाणी आतच कोंडून राहते त्यानं. लाकडाले दम घेऊ द्या ना!" तेल लावल्यावर तीन दिवस तो कुणाला पाय ठेवू देत नसे. एकदा खुद्द अध्यक्षांच्या पत्नीला त्यानं सांगितलं, "बाई, गवतावरून जा." बाई मुकाट्यानं गवतावरून गेल्या. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील.

मग नवे सेक्रेटरी आले. मोठा समारंभ ठरला आणि त्यांना ओटा हिरवा, चकाकता हवा होता. मिस्त्री केसांत माती घेऊन ओट्याखालून बाहेर आला.

"साहेब, मधल्या दोन तुळया वाळवीनं खाल्ल्या. वर माणसं नका उभी करू. बदलाले पंधरा दिवस द्या."

"समारंभ आठवड्यावर आलाय. रंग मारा."

मिस्त्री माझ्या टेबलाशी आला. "बाबू, लिहून घ्या." मी लिहिलं, त्याचा अंगठा घेतला आणि कागद सेक्रेटरींकडे पाठवला. रंग बाहेरच्या रंगाऱ्यांनी मारला. मिस्त्रीनं ब्रशला हात लावला नाही.

समारंभात ओट्याचा मधला भाग खचला. चहाचा ट्रे घेऊन निघालेला सदाशिव वाढपी खाली गेला. त्याचं कमरेखालचं अंग पुन्हा हललं नाही.

चौकशी लागली. सेक्रेटरींनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "असा कागद आपल्याकडे आलाच नव्हता. बरोबर?"

माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "नाही आला, सर."

चौकशीतही मी तेच सांगितलं. मिस्त्री समोर उभा होता. "बाबू, तुम्हीच तर लिहिलं," एवढंच तो म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

त्यानंतर मिस्त्री मला कधी भेटला नाही. मीही शोधला नाही. बारा-तेरा वर्षांनी तो वारल्याचं कळलं. त्याच्या घरी जायची हिंमत झाली नाही, म्हणून सदाशिवकडे गेलो.

सदाशिव दारात चाकाच्या खुर्चीत बसला होता. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत फळ्यांची उतरण बांधलेली होती, स्वच्छ, तेल पिऊन काळपट झालेली.

"मिस्त्रीनं करून देली," तो म्हणाला. "दरसाल येत होता. स्वतः घासे, स्वतः तेल लावे. त्याच्या चुकीनं मी असा झालो, पण माणूस खराब नव्हता, बाबू."

"तो काही बोलला नाही तुला? त्या ओट्याबद्दल?"

"काही नाही. सुरुवातीले मी लय शिव्या देल्या. ऐकून घेतल्या त्यानं."

मी त्या उतरणीच्या कडेवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. कागद, अंगठा, ती खोली, माझं उत्तर. आता हा मला शिव्या देईल म्हणून मान खाली घालून थांबलो.

सदाशिवनं शिव्या दिल्या नाहीत. त्यानं खुर्ची उतरणीच्या तोंडाशी आणली.

"मग तो काहून येत होता, बाबू?"