सुकाणूच्या दांड्याचे थर

माझ्या साडूंइतका संशयी माणूस डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. आणि मौज अशी, की जगावर त्यांचा पूर्ण विश्वास, संशय काय तो फक्त स्वतःवर. मसोलीला घरामागे पत्र्याची शेड घालून ते कार्बन फायबरच्या वस्तू बनवतात. साचेही घरचेच, लाकूड तासून, घासून, मेण चोळून केलेले. कुठल्या वस्तूला त्या काळ्या कापडाचे किती थर लागतील, हा विचार जेवतानाही त्यांच्या डोक्यातून जात नाही. तलासरीच्या एका लग्नात त्यांनी पानातला चिरोटा पापुद्रा-पापुद्रा सोडवून मोजला. वाढपी पाकाचं भांडं घेऊन ताटकळला. "अठरा!" ते मला हळूच म्हणाले, "एवढ्याशा वस्तूला जास्त होतात."

झाईच्या एका होडीचा तांडेल त्यांचा शाळासोबती. त्याचा खांदा निखळल्यापासून होडीच्या सुकाणूचा जड लाकडी दांडा त्याला ओढवेना. साडूंनी कार्बनचा हलका दांडा करायचं कबूल केलं. "एक थर पाव मिलिमीटर. बारा पुरेत, पण वळणावर सगळा जोर येतो, तिथे चौदा." थर चिकटवणारं रेझिन घट्ट व्हायच्या आत भराभर थर बसवायचे, त्या घाईत चूक नको म्हणून वळणावर एक थर बसला, की चिकट हातमोज्यांनीच ते चिकूची एक बी खिशात टाकत.

चाचणीला आम्ही तिघे निघालो. किनारा लांब राहिला आणि वारा चढला. लाटा आडव्या येऊ लागल्या. साडूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तेव्हापासून खिशातच असलेल्या बिया तळहातावर घेऊन मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"तेराच आहेत," ते मला म्हणाले.

"एखादी पडली असेल, साडूभाऊ."

"बी पडली असेल, नाहीतर थर राहिला असेल."

मग त्यांनी तांडेलालाही सांगून टाकलं. तो ओरडला, "हे आत्ता सांगतोस? आता दांडा मोडला तर होडी आडवी होईल!"

तेवढ्यात मोठी लाट आलीच. तांडेलाने दात आवळून दांडा ओढला. दांडा करकरला. साडू झेप घेऊन वळणाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले, जणू राहिलेला थर आपल्या अंगाने भरून काढणार होते. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा होडी लाटेवर सरळ झाली होती. तांडेलाने तिचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

वाळूत उतरल्याबरोबर साडूंनी करवत मागवली आणि तो धडधाकट दांडा वळणावरच कापला. तांडेल "अरे, अरे" करत राहिला. कापलेली कड घासून, ओली करून ते भिंग लावून बसले.

"चौदा," ते म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"आता मी उद्या काय धरू?" तांडेलाने विचारलं, पण बोलता बोलता त्याने डावा हात मित्राच्या खांद्यावर ठेवला होता.

त्याला दुसरा दांडा मिळाला, तो अजून टिकून आहे. साडूंना हल्ली बारीक दिसत नाही. रविवारी मी मसोलीला जातो. ते थर बसवतात, मी मोठ्याने मोजतो. काम संपलं तरी ते मला उठू देत नाहीत. "बस जरा, सुकू दे," म्हणतात. उद्यापर्यंत ते सुकणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. मी बसतो.