छिन्नीने पाडलेला तडा

"इंजीनियर साहब, यह छत गिरेगी. आप लिख दीजिए."

शुक्लाजी छतावर उभं राहून पाय आपटत होते. स्वतःच्याच छतावर. काही दिवसांपूर्वी याच जागी उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं, "हाथी खड़ा कर दीजिए, हिलेगी नहीं." मधल्या काळात ना भूकंप झाला होता, ना वादळ.

घरं तपासण्यात माझी उभी हयात गेली. मालक दोष लपवतात, हे मला पाठ होतं. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवतात, तड्यावर कॅलेंडर टांगतात. पण हाताला धरून दोष दाखवत फिरणारा मालक मी पहिल्यांदाच बघत होतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी लखनौत एका कन्सल्टिंग फर्ममध्ये सिव्हिल इंजिनीअर होतो. सरकारी नोकराला तयार घर विकत घ्यायचं असेल, तर त्याचं ऑफिस अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आमच्यासारख्यांचं सर्टिफिकेट मागायचं. घर मजबूत आहे का, आणखी किती वर्षं टिकेल, एवढंच त्यात लिहायचं. कागद छोटा, पण त्याच्याशिवाय फाइल हलायची नाही.

घर घेणारे होते गजभिये साहेब. मूळचे वर्धा जिल्ह्यातले, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात हेडक्लार्क. लखनौत आम्ही मराठी बौद्ध कुटुंबं मोजकीच. बुद्धपौर्णिमेला एकत्र जमायचो, तिथली आमची ओळख. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं आणि अ‍ॅडव्हान्सही नोकरीत असेपर्यंतच मिळणार. गावी परत जाऊन करणार काय? मुलगी सुनंदा इथेच वाढलेली. आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत द्यायची.

इंदिरा नगरचं घर परवडणारं नव्हतं. सरोजिनी नगर बघून झालं, चिनहट बघून झालं. शेवटी साहेबांनी ठरवलं, लखनौ सोडून जवळच्या एखाद्या कसब्यात घर घ्यायचं. दर रविवारी नवरा-बायको पॅसेंजर गाडीनं निघायचे. साहेब स्टेशन, दवाखाना, बाजार बघायचे. वहिनींची परीक्षा वेगळी होती. पिशवीत मूठभर तूरडाळ असायची. गावातल्या एखाद्या चहावाल्याला त्या सांगायच्या, "भैया, अपने यहाँ के पानी में इतनी दाल चढ़ा दो." डाळ शिजली तर गाव पुढच्या फेरीला पास. नाही शिजली तर साहेबांनी कितीही गुण सांगितले तरी गाव बाद.

लोक हसायचे. मी हसलो नाही. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे लॅबोरेटरीतही कळतं आणि चुलीवरही.

एका कसब्यात डाळ मऊसूत शिजली. त्या कसब्याचं नाव मी लिहीत नाही, तिथे चांगली माणसंही राहतात. तिथल्याच मुलींच्या शाळेत सुनंदाला मास्तरीण म्हणून जागा मिळाली होती. ती म्हणाली, "बाबा, अब और मत ढूँढिए." आणि शुक्लाजींचं घर विकायचं होतं. त्यांना मुलाकडे कानपूरला जायचं होतं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. लेखी करार झाला. अट एकच, इंजिनीअरनं घर मजबूत आहे असं लिहून द्यायचं.

पहिल्या तपासणीला गजभिये नवरा-बायको माझ्याबरोबर होते. मी ओळंबा सोडून भिंती बघितल्या, सगळ्या सरळ. छत तिकडच्या पद्धतीचं, लोखंडी गर्डर आणि त्यावर दगडी पटिया, म्हणजे लांब फरशा. त्यावर पाणी ओतून ठेवलं आणि खाली जाऊन बघितलं. एक थेंब नाही. प्लास्टर ठोकून पाहिलं, कुठेही पोकळ आवाज नाही. इतकं चोख घर मी त्या वर्षात बघितलं नव्हतं आणि ते मी तिथेच बोलून दाखवलं.

शुक्लाजी खूश झाले. त्यांनी कचोऱ्या मागवल्या, स्वतःच्या हातानं वाढल्या. "आप मराठा लोग बात के पक्के होते हैं," म्हणाले. मराठी आडनावावरून तिकडे कुणाला काही कळत नाही. गजभिये काय, माझं वानखेडे काय, सगळेच त्यांच्या लेखी 'मराठा लोग'.

मग त्यांनी आपणहून सांगितलं, "गृहप्रवेश की चिंता मत कीजिएगा. हमारे पंडितजी करा देंगे. घर के आदमी हैं."

वहिनींनी हात जोडले. "आपकी मेहरबानी. पर हमारे में पंडितजी नहीं लगते. हमारे भंतेजी आएँगे, वंदना होगी."

"भंतेजी?"

"हाँ. हम लोग बौद्ध हैं ना."

"अच्छा," शुक्लाजी म्हणाले. "अच्छा, अच्छा." मग ते चहाचं बघायला म्हणून आत गेले आणि चहा काही आला नाही. मी माझी टेप गुंडाळत होतो, माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. घरात दोष निघालेत, विकायला मन धजत नाही, इंजिनीअर साहेबांनी पुन्हा येऊन बघावं. गजभिये साहेब घाबरले. मी म्हटलं, मी एकटाच जाऊन येतो.

तर असा मी त्या छतावर उभा होतो. छत गिरेगी, छत गिरेगी ऐकून झाल्यावर मी विचारलं, "गिरेगी क्यों?"

"नीचे चलिए, दिखाते हैं."

समोरच्या खोलीत, मागच्या वेळी मी तळहात फिरवून बघितलेल्या भिंतीत, वरपासून खालपर्यंत तडा होता.

"शुक्लाजी, यह दरार कब आई?"

"बहुत पुरानी है साहब. प्लास्टर में दबी हुई थी."

जुना तडा ओळखणं अवघड नसतं. त्याच्या कडा बोथट होतात, आत धूळ बसते, कोळी जाळी करतो. मी त्यात बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली, धुळीचा कण नाही. पाया खचून पडलेला तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या उतरावा तसा जातो. हा सरळ उभा होता. आणि कडेला छिन्नीचे घाव दिसत होते, एकाखाली एक. खाली झाडून घेतलं होतं, पण कोपऱ्यात खडे राहिले होते.

"यह दरार आई नहीं है," मी म्हटलं. "यह छेनी से बनी है. अंदर से."

शुक्लाजींनी दार लोटलं. माझ्यासाठी खुर्ची ओढली. कचोरीची बशी पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"अब आपसे क्या छिपाना. हमें पता नहीं था ये लोग क्या हैं. मोहल्ले को क्या मुँह दिखाएँगे? अपनी तरफ से मुकरें तो बदनामी. आप लिख दीजिए कि मकान ठीक नहीं, करार अपने आप खत्म. किसी का दिल भी नहीं दुखेगा. आप तो समझदार हैं, अपने आदमी हैं."

माझं डोकं सणकलं. आजही हे लिहिताना सणकतं. ज्या भिंतीच्या विटा यांच्या बापानं उभं राहून रचून घेतल्या, तिला या माणसानं छिन्नी लावली. आणि एवढं करून वाईट मात्र व्हायचं नव्हतं. त्यासाठी सही माझी हवी होती.

"मैं कौन हूँ, आपको मालूम है?" मी विचारलं.

"आप वानखेड़ेजी हैं. इंजीनियर साहब."

"गजभियेजी जो हैं, वही मैं हूँ. मेरे घर भी भंतेजी ही आते हैं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कचोरीच्या बशीकडे.

"आपने बताया नहीं," ते म्हणाले.

"आपने छत का पूछा था. छत का बता दिया."

ऑफिसात आमचे बॉस सक्सेना साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना भांडणाचा कंटाळा.

"वानखेड़े, वो आदमी बेचना नहीं चाहता. अनफिट लिखो, फाइल बंद करो."

"सर, मकान फिट है."

"तुम्हारे फिट लिखने से वो बेच देगा?"

"नहीं बेचेगा. पर मकान अनफिट भी नहीं हो जाएगा."

"दस्तखत तुम्हारे, ज़िम्मेदारी तुम्हारी," म्हणून ते दुसऱ्या फाइलीकडे वळले. मी लिहिलं, घर मजबूत आहे. समोरच्या खोलीतला तडा ताजा असून छिन्नीने पाडलेला आहे, घराला धोका नाही.

गजभिये साहेबांना सांगायला गेलो तेव्हा वहिनी भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मी ते भंतेजींचं बोलली नसती तं?"

साहेब एरवी आवाज न चढवणारे. त्या दिवशी ओरडले, "काहून नाही बोलायचं? आपल्या घरात आपण कोणाले बोलवायचं, हे लपवून घर घ्यायचं होतं काय?"

सुनंदा दारात उभी होती. ती त्या गावातल्या शाळेत रुजूही झाली होती, रोज गाडीनं जाऊन-येऊन करत होती. "मैं वहाँ पढ़ाने जाती हूँ," ती म्हणाली. "उनके ही मोहल्ले की लड़कियाँ हैं." मग आत गेली.

शुक्लाजींनी टाळाटाळ सुरू केली. आज कानपूरला गेलेत, उद्या तब्येत बरी नाही. साहेबांची निवृत्ती जवळ येत चालली. कोर्टात जायचं तर निकाल नातवंडांना लागला असता. साहेब पुन्हा चिनहटला भाड्याच्या खोल्या बघू लागले.

मधल्या काळात शुक्लाजी दुसरं गिऱ्हाईक शोधत होते. पण मला पुन्हा बोलवण्याआधी त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला ती भिंत दाखवून ठेवली होती. घर पडणार, म्हणून बिचारे विकत नाहीत, हे पानवाल्यापासून सगळ्यांना पाठ. जे गिऱ्हाईक यायचं, त्याला शेजारीच सांगायचे, "अरे, वो मकान? उसकी तो छत गिरने वाली है." तडा बघून माणूस दारातूनच परत. कानपूरचा मुलगा घाई करत होता.

एक दिवस शुक्लाजी माझ्या ऑफिसात हजर. हातात कचोऱ्यांचा पुडा.

"इंजीनियर साहब, लिख दीजिए कि मकान मजबूत है."

मला हसू आलं नाही, रागच आला. "लिखा हुआ है. पहले दिन से. लेकिन वो गजभियेजी का काग़ज़ है. उनसे माँगिए."

ते खरोखर गेले. वहिनींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहाही दिला. त्यांनी तो प्यायला की नाही, हे मी विचारलं नाही. आता घर गजभियेंनाच द्यायला ते तयार होते. वहिनींनी दोन अटी घातल्या. भिंत तुम्ही फोडली, तुम्हीच बुजवून द्यायची. आणि घर मजबूत आहे, हे ज्यांना ज्यांना उलटं सांगितलं त्या प्रत्येकाला तुम्हीच सांगायचं.

पहिली अट त्यांनी नीट पाळली. गवंड्याचं काम मी तपासलं. दुसरीही पाळली, पण त्यांच्या पद्धतीनं. मोहल्ल्यात सांगून आले, "छत बिल्कुल ठीक है. वो तो इंजीनियर से गलती हो गई थी."

गजभिये साहेबांची निवृत्ती त्याच घरातून झाली. वंदनेला आम्ही लखनौहून सगळे गेलो. मोहल्ल्यातली काही माणसं आली, काही आपापल्या दारात उभी राहून बघत होती. सुनंदाच्या वर्गातल्या मुली मात्र झाडून सगळ्या आल्या. वहिनींनी सगळ्यांना वरण-भात वाढला.

त्या कसब्यात मी अजूनही चूक केलेला इंजिनीअर आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नाही नाही ते ऐकून घेतलं, पण एवढं एक काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

जुनं घर घेणाऱ्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. पाण्यात डाळ शिजवून बघा. तड्यात बोट घालून बघा, धूळ लागली तर तडा जुना. आणि मालकच जर घराला नावं ठेवायला लागला, तर घर तपासू नका. ते उभं राहील.