अठराव्या पायरीवरची खुर्ची

मुकादम बाई आज सकाळी गेल्या.

त्यांनी माझी चहाडी केली होती, म्हणून मी आज ही पोस्ट लिहू शकतेय.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी बावीस दिवस आयसीयूत होते. वाचले. पण वाचणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे मला गुरुग्रामच्या रिहॅब वॉर्डात कळलं. केस विंचरायला घेतले की दोन मिनिटांत दम लागायचा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वॉकर धरून चालायला शिकत होते.

शेजारच्या पलंगावर मुकादम बाई. मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण आयुष्य दिल्लीत गेलेलं. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी आवाजात असा दरारा की नर्सही दारात थबकायची.

पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठली गं तू?"

"आर. के. पुरम."

"गाव विचारतेय."

"तेच गाव, बाई. बाबांच्या क्वार्टरमध्ये वाढले, आता माझ्या स्वतःच्या क्वार्टरमध्ये राहते."

बाई हसल्या, मग खोकल्या, मग आम्ही दोघींनी नर्सची बोलणी खाल्ली.

त्याही दिल्लीच्या याच सरकारी वसाहतीत, आर. के. पुरममध्ये, अठ्ठावीस वर्षं राहिलेल्या, मिस्टरांच्या नोकरीमुळे. मग काय, रोज चहानंतर आमचं तेच. टोकन टाकून मिळणारं दूध. थंडीत गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, आणि त्यांवर लोळत काळं मीठ लावून खाल्लेली संत्री. भिंतींचा तो सरकारी पिवळा रंग.

खरं सांगते, त्या वॉर्डाची आठवण आली की मला आधी ती संत्री आठवतात.

आमचा फिजिओ विपिन. त्याचा रोजचा व्यायाम म्हणजे एका श्वासात मोठ्याने गिनती, तीसपर्यंत. मी विसाच्या आसपास हळूच श्वास घ्यायचे. विपिनला कळायचं नाही.

बाई डोळे मिटूनच म्हणायच्या, "एकवीसनंतर श्वास चोरलास. परत. आणि मराठीत मोज, हिंदीत काय?"

यार, आयसीयूतून सुटले आणि वर्गात सापडले, असं झालं होतं.

घरी इरा होती, माझी मुलगी. दहावा वाढदिवस जवळ आला होता. फोनवर म्हणाली, "आई, केक तू आल्यावरच कापायचा. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं.

डिस्चार्जची अट एकच होती. घराला जितक्या पायऱ्या, तितक्या वॉर्डाच्या जिन्यात नळीशिवाय चढून दाखवायच्या.

विपिनने विचारलं, "मैडम, घर में सीढ़ियाँ कितनी हैं?"

"अठारह," मी म्हणाले.

अठरा मला जमत होत्या. डिस्चार्ज वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा ठरला.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आपल्या क्वार्टरला अठरा पायऱ्या म्हणजे पहिला मजला. तू गच्चीच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतेस. छत्तीस होतात."

"प्लीज बाई. इराचा वाढदिवस आहे."

त्यांनी चादर ओढून कूस बदलली. मला वाटलं, पटलं.

सकाळी विपिन आल्या आल्या बाईंनी त्याला सांगितलं, "बेटा, इसके घर छत्तीस सीढ़ियाँ हैं. मैंने अट्ठाईस साल चढ़ी हैं."

डिस्चार्ज नऊ दिवस पुढे गेला. केक व्हिडिओ कॉलवर कापला. इराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी दोघींमधला पडदा ओढून घेतला. दोन दिवस बाईंशी शब्द नाही. इतका राग मला त्या व्हायरसचाही आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून मोजणं ऐकू आलं. "एक, दोन, तीन..." बाईंचा श्वास माझ्यापेक्षाही कमी पुरायचा. अकरापर्यंत आल्या आणि थांबल्या.



मग मीच म्हणाले, "बारा."

पलीकडून आवाज आला, "पुढे?"

मी तीसपर्यंत गेले. मधे दोनदा श्वास घेतला, तो त्यांनी त्या दिवशी माफ केला.

शेवटी घरी आले. अठरा पायऱ्या चढले आणि पाय लटपटायला लागले. समोर, पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर, आमची डायनिंगची खुर्ची.

माझा नवरा मंदार म्हणाला, "मुकादम बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, अठराव्या पायरीवर खुर्ची ठेवा. ती मागणार नाही, पण तिला लागेल."

बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बघून मंदारचा चेहरा उतरला. पंधरा मिनिटं बसले, मग उरलेल्या अठरा.

नऊ दिवस आधी आले असते तर काय झालं असतं, हे आम्ही दोघं कधीच मोठ्याने बोललो नाही.

पुढे बाई मुलाकडे नोएडाला गेल्या. ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला चकल्या, असं आमचं येणंजाणं सुरू झालं. दर रविवारी फोनवर इराची मराठी गिनती घ्यायच्या. दिल्लीच्या पोरीला एकोणसाठ आणि एकोणसत्तर बिनचूक येतात, ते त्यांच्यामुळे.

खुर्ची तिथेच राहिली. खालचे आधी कुरकुरले, "ये कुर्सी हटवाइए जी." आता भाजीच्या पिशव्या घेऊन तेच बसतात.

आज बाईंना शेवटचं बघून नोएडाहून परतले. एरवी मला आता खुर्ची लागत नाही. आज बसले. का कोण जाणे, मोठ्याने मोजायला लागले.

अकराला आवाज फुटेना.

वरून चपलांचा आवाज आला. इरा जिना उतरून खाली आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"बारा," ती म्हणाली.

बाई, सलाम. तुमची खुर्ची कुणी हलवणार नाही.