डावखुऱ्या मुलीची स्टिक

अकोल्याला निघण्याआधी मी पिशवी तपासली. शिनगार्ड, आधारकार्ड, पाणी, संत्री, सगळं होतं. मुलीची हॉकीची विभागीय निवड होती. ती डावखुरी. सासऱ्यांनी वलगावला बाभळीचं लाकूड तासून तिला मुद्दाम डाव्या हाताची स्टिक करून दिली होती. त्यांच्या लहानपणी पोरं वाकडी फांदी अन् चिंध्यांचा चेंडू घेऊन खेळायची. ज्याचा जो हात चाले, त्या हाताने. मुलीच्या शाळेत सगळ्या खेळांना मिळून पीटीचे एकच सर. त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

मैदानावर पंच स्टिका तपासत होते. आमची त्यांनी दोनदा फिरवून पाहिली अन् बाजूला ठेवली. स्टिकची सपाट बाजू डावीकडेच लागते, म्हणाले, डावखुऱ्यांसाठी वेगळी नसते. मी कारण विचारलं. ते म्हणाले, वाकड्या काठ्यांच्या जुन्या खेळाला नियम लागले तेव्हा हेही ठरलं. दोन्ही बाजूंनी काठ्या फिरल्या तर एकमेकांच्या तोंडावर बसतील.

निवड आजच, दुसरी संधी पुढच्या वर्षी. शेवटी वरूडच्या एका मुलीने आपली जादा स्टिक पुढे केली.

"घे. पण तोडू नोको, नाई तं बाबा मले तोडतीन."

पहिला चेंडू मुलीच्या स्टिकखालून गेला. दुसराही. निवड करणाऱ्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी परतीच्या बसची वेळ शोधत होते. रडली तर तिला लगेच तिथून हलवायचं होतं. मग चेंडू तिच्या डावीकडे आला. बाकीच्या मुली अशा वेळी वळसा घालून जात होत्या. तिने जागेवरच मनगट फिरवून स्टिक उलटी केली अन् चेंडू अडवला. पुन्हा एकदा तसंच.

"स्टिकवर वरचा हात डावाच लागतो, ताई," पंच म्हणाले. "स्टिक वळवायचं काम त्याचंच."

तरी यादीत तिचं नाव आलं नाही. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, रविवारी नियमाची स्टिक घेऊन ये, पुन्हा पाहू.

बसमध्ये बसल्याबरोबर तिने वलगावला फोन लावला. मी खिडकीकडे तोंड केलं.

"आबा, आपली स्टिक नाई चालली. उलटी पडते."

पलीकडून सासरे म्हणाले, "अन् तू? तू चालली का?"

"रविवारी सांगतो," ती म्हणाली.